हेंड्रिक्सचे टेक जमवायला निघालेल्या भाचीला

भाचेबाई,

ताईचा परवा फोन होता. "तुझी भाची जिमी हेंड्रिक्सचे डेमो नि कुठले कुठले न छापलेले टेक जमवायला लागलीय, पगार त्यात घालवतेय, तूच समजाव तिला," म्हणाली. समजावतो म्हणालो खरा. पण मनातून इतका आनंद झाला की काय सांगू! आता समजावणं हे असं.

एक गोष्ट आधी ध्यानात घे. हा माणूस १८ सप्टेंबर १९७०ला लंडनमध्ये गेला तेव्हा २७ वर्षांचा होता. हयातीत त्याचे स्टुडिओत केलेले अल्बम तीनच आले, चौथा 'बँड ऑफ जिप्सीज' हा कार्यक्रमातला. न्यू यॉर्कमध्ये त्याने स्वतःचा इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओ उभारला, ऑगस्ट १९७०च्या अखेरीस त्याचं उद्घाटन झालं आणि महिन्याच्या आत मालकच उरला नाही. मागे राहिल्या त्या अर्ध्यामुर्ध्या टेपा, ढीगभर. त्या ढिगात सोनं आहे तसा कचराही आहे, आणि दोन्हींवर नाव एकच छापलेलं असतं. म्हणून हे चार शब्द.

१. दुर्मीळ शोधायला निघण्याआधी सगळ्यांकडे असतात त्याच रेकॉर्डी नीट ऐक — १९६७च्या ब्रिटिश 'आर यू एक्सपिरिअन्स्ड'वरचा 'रेड हाउस'चा टेक निराळा आणि १९६९च्या अमेरिकन 'स्मॅश हिट्स'वरचा निराळा. कित्येकांच्या कपाटात दोन्ही शेजारी उभे असतात नि मालकाला पत्ता नसतो.

२. ब्रिटिश प्रत आणि अमेरिकन प्रत एकच समजू नकोस — त्याच पहिल्या अल्बममधली तीन गाणी अमेरिकेत काढून त्यांच्या जागी 'पर्पल हेझ', 'हे जो' आणि 'द विंड क्राइज मेरी' घातली. मुखपृष्ठावरचं नाव तेच, आतला ऐवज वेगळा.

३. डेमो, टेक, मिक्स आणि जोडकाम, हे चार कप्पे वहीत पहिल्याच दिवशी आखून ठेव — विकणारे चारही गोष्टींना 'अनरिलीज्ड' म्हणतात नि दाम एकच लावतात.

यावर जरा थांबते हो गाडी, कारण निम्मी फसगत इथेच होते. डेमो म्हणजे गाणं अजून मनातून बाहेर येतंय तेव्हाचं. मार्च १९६८मध्ये न्यू यॉर्कच्या ड्रेक हॉटेलच्या खोलीत हेंड्रिक्सने रील-टू-रील मशीन लावून एकट्याने गाणी धरून ठेवली. ती २०१८ साली 'इलेक्ट्रिक लेडीलँड' या अल्बमच्या पन्नाशीच्या संचात आली. आवाज हळू, शेजारच्या खोलीतल्याची झोप मोडू नये असा, आणि गाण्याचा सांगाडा स्पष्ट दिसतो. टेक म्हणजे स्टुडिओत तेच गाणं पुन्हा वाजवणं. मिक्स म्हणजे वाजवलेलं तेच, फक्त कोण पुढे नि कोण मागे ते बदललेलं. 'साउथ सॅटर्न डेल्टा' या अल्बमवर 'ऑल अलाँग द वॉचटॉवर' आहे ना, ते वेगळं वाजवलेलं नाही. जानेवारी १९६८मध्ये लंडनच्या ऑलिम्पिक स्टुडिओत केलेल्या कामाचं ते आधीचं मिक्स आहे, न्यू यॉर्कला नेऊन त्यावर आणखी थर चढवण्यापूर्वीचं. आणि जोडकाम म्हणजे दोन टेकचे तुकडे सांधून केलेलं तिसरंच. १९९४च्या 'ब्लूज' अल्बमवरचं 'व्हूडू चाइल ब्लूज' असं सांधलेलं आहे. ऐकायला झकास आहे, माझं आवडतं आहे, पण स्टुडिओत ते तसं सलग कुणी वाजवलं नव्हतं.

४. टेक वेगळा की मिक्स वेगळं, हे ओळखायला गिटारच्या सोलोकडे जा आणि ड्रमच्या भरतीकडे जा — गाण्याची ओळ माणूस दोनदा सारखी म्हणू शकतो. पण हेंड्रिक्सचा सोलो आणि त्याचा ड्रमवाला मिच मिचेल याची काठी दोनदा सारखी पडत नाही.

५. दोन्ही प्रती एकदम लावून, एक डाव्या कानात नि एक उजव्या कानात, अर्धा मिनिट ऐक — वादन एकच असेल तर दोन्ही जवळजवळ हातात हात घालून चालतात. वेगळं असेल तर चौथ्या मात्रेलाच वाट फुटते.

६. गाणं सुरू होण्याआधीचं बोलणं कधी कापू नकोस — इंजिनिअर टेकचा आकडा पुकारतो तो तिथेच, आणि कोणता टेक हे सांगणारा तेवढाच पुरावा पुष्कळदा हाती असतो.

७. गाणं संपल्यावरचेही दहा-वीस सेकंद राहू दे — "पुन्हा घेऊ" असं कोण म्हणालं, कोण हसलं, कुणी तार पिळली, यावरून त्या दिवसाची हवा कळते.

८. वही घाल. संगणकावर ठेव हवं तर, पण कागदाचीही असू दे — गाणं, तारीख, स्टुडिओ, सोबतचे वादक, टेकचा आकडा, आणि आपल्याकडे कुणाकडून कधी आलं. नोंद नाही ती टेप, असून नसल्यात जमा.

९. 'कुणाकडून' हा रकाना सगळ्यात जपायचा — टेपच्या पिढ्या असतात. मूळ रीलवरून पहिली कॅसेट, तिच्यावरून दुसरी, दर पिढीला हिस्स वाढते आणि वरचे सूर झिजतात. कुळी माहीत असली की दोन प्रतींतली थोरली कोण ते भांडण राहत नाही.

१०. तारीख पाठ करू नकोस, पडताळून पाहा — जॉन मॅक्डरमॉटचं 'अल्टिमेट हेंड्रिक्स' हे पुस्तक सेशनांच्या हिशेबाने लावलेलं आहे, इंजिनिअर एडी क्रेमर आणि बास वाजवणारा बिली कॉक्स दोघे त्यात सहभागी आहेत. असं एक पुस्तक घरात असलं की दहा थापा दारातूनच परत जातात.

११. तारीख जुळली तरी वादक जुळतात का बघ — २ मे १९६८ला 'व्हूडू चाइल'च्या लांबलचक रेकॉर्डिंगला ऑर्गनवर स्टीव्ह विनवुड आणि बासवर जॅक कॅसेडी होते. दुसऱ्याच दिवशी, ३ मेला, 'व्हूडू चाइल्ड (स्लाइट रिटर्न)' झालं ते नेहमीच्या त्रिकुटाचं. एका दिवसाने माणसं बदलतात, म्हणून ऑर्गन ऐकू आला की कॅलेंडर उघडायचं.

१२. मुखपृष्ठावर हेंड्रिक्सचा फोटो मोठा आणि सालाचा पत्ता नाही, अशी रेकॉर्ड दिसली की हात आखडता घे — लॉनी यंगब्लड या सॅक्सोफोनवाल्याबरोबर तो १९६६मध्ये साथीला वाजवत असे. पुढे हेंड्रिक्सच्या नावावर खंडीभर अल्बम निघाले, आणि त्यांतल्या काही गाण्यांत तर त्याचा हातच नाही.

१३. कर्टिस नाइटबरोबरच्या टेपा ऐक, पण त्यांना 'हेंड्रिक्सचा अल्बम' म्हणू नकोस — ऑक्टोबर १९६५मध्ये एक डॉलर घेऊन त्याने एका करारावर सही केली, आणि हेंड्रिक्स प्रसिद्ध झाल्यावर त्या साथीच्या कामाच्या रेकॉर्डी बाजारात आल्या. त्या करारावरून झालेला वाद मिटवायलाच पुढे 'बँड ऑफ जिप्सीज' द्यावा लागला. सही करताना डोळे मिटले की हयातभर उघडे ठेवावे लागतात, हे तुला नोकरीतही उपयोगी पडेल.

१४. मरणोत्तर अल्बम घेताना कुणी हात फिरवलाय ते आधी वाच — १९७५च्या 'क्रॅश लँडिंग'साठी निर्माता अ‍ॅलन डग्लसने हेंड्रिक्सची गिटार नि गळा ठेवला आणि बाकीचं वादन भाडोत्री वादकांकडून नव्याने वाजवून घेतलं. हेंड्रिक्स त्या माणसांबरोबर त्या खोलीत कधी बसलाच नव्हता. हे मला आजही खटकतं. मेलेल्या माणसाची साथसंगत त्याला न विचारता बदलू नये.

१५. तरीही तो अल्बम फेकू नकोस, त्याच गाण्याचं मूळ रूप मिळव आणि दोन्ही शेजारी ठेव — काय काढलं नि काय घातलं ते कानाने पकडता आलं की तुझा कान तयार झाला समज.

१६. अधिकृत प्रत निघाली म्हणून जुनी चोरटी प्रत टाकू नकोस — हेंड्रिक्सबाहेरचं उदाहरण देतो: गिटारवाला टोनी आयोमी आणि गायक ग्लेन ह्यूज यांनी १९९६मध्ये केलेलं रेकॉर्डिंग 'एट्थ स्टार' नावाने हातोहात फिरत होतं. २००४ साली ते रीतसर आलं तेव्हा ड्रम दुसऱ्याच वादकाचे घातलेले होते. जुनी प्रत ज्यांनी जपली त्यांच्याकडेच पहिलं वादन राहिलं.

१७. आणि चोरटी प्रत आहे म्हणून अधिकृत विकत घ्यायची टाळू नकोस — १९९५मध्ये हक्क हेंड्रिक्सच्या कुटुंबाकडे परत आले. १९९८पासून 'डॅगर रेकॉर्ड्स' या नावाने त्यांनी खास जमवणाऱ्यांसाठीच कार्यक्रम, जॅम आणि डेमो काढले. मूळ टेपवरून केलेली प्रत ती, तिच्यापुढे सातव्या पिढीची कॅसेट काय उभी राहणार?

१८. हाती आलेला दुर्मीळ टेक पैसे घेऊन कुणाला देऊ नकोस, बदल्यात दुसरा टेक घे किंवा नुसताच दे — अदलाबदलीचं जग विश्वासावर चालतं, आणि ज्याने विकलं त्याच्या दारात पुन्हा कुणी टेप घेऊन येत नाही. फुकट दिलेला टेक व्याजासकट परत येतो.

१९. ज्याने विश्वासाने "पुढे देऊ नकोस" म्हणून दिलं, ते खरंच पुढे देऊ नकोस — गप्प बसणाऱ्यालाच दुसऱ्यांदा मिळतं.

२०. 'ब्लॅक गोल्ड' असं नाव लावून कुणी काही पुढे केलं की पाणी पी, श्वास घे, मग प्रश्न विचार — ते नाव ऐकून भल्याभल्यांची मती गुंग होते.

का ते सांगतो. १९७०मध्ये ग्रीनिच व्हिलेजमधल्या आपल्या राहत्या घरी हेंड्रिक्सने नुसती गिटार घेऊन एक सलग गाणीमाला कॅसेटवर धरली होती. या कॅसेटी त्याने मिच मिचेलकडे दिल्या. मग तो गेला, आणि त्या मिचेलच्या घरी वर्षानुवर्षं पडून राहिल्या. जग त्या हरवल्या असंच मानत होतं. १९९२च्या सुमाराला उलगडा झाला. त्यातलं 'सडनली नोव्हेंबर मॉर्निंग' आपल्याला ऐकायला मिळालं ते २०१०च्या 'वेस्ट कोस्ट सिअ‍ॅटल बॉय' संचात. बघ म्हणजे, चोरी झाली नाही, आग लागली नाही, एका मित्राच्या घरात सुखरूप होत्या. नुसतं कुणी विचारलं नाही. म्हणून २१ नंबर.

२१. माणसांना विचारत जा — जुना साउंडवाला, परदेशातून परतलेला काका, बंद पडलेल्या दुकानाचा मालक. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६मध्ये बंद झालं, पण तिथे वर्षानुवर्षं येणारी माणसं अजून आपापल्या घरी कपाटं भरून बसली आहेत.

२२. रेकॉर्ड हातात आली की आधी शेवटच्या रिकाम्या खाचेत बघ — लेबलच्या भोवतालच्या त्या गुळगुळीत पट्ट्यात अक्षरं नि आकडे कोरलेले असतात. टॉर्च तिरकी धरलीस की उजळतात. लेबल कुणीही छापतं, कोरलेला आकडा साच्याबरोबर येतो. आपल्याकडचे ७८च्या तबकड्या जमवणारे म्हातारे गाण्याच्या नावाआधी हाच आकडा वाचतात, ते उगाच नाही.

२३. परदेशातून मागवताना टपाल आणि कस्टम आधीच हिशेबात धर — रेकॉर्ड स्वस्त दिसते नि दारात येईतो दुप्पट होते, मग ताई मला फोन करते.

२४. फाइल घेशील तर फ्लॅक घे, आणि एमपीथ्रीवरून फ्लॅक कधी बनवू नकोस — गेलेले सूर परत येत नाहीत, फक्त फाइल फुगते नि पुढचा माणूस फसतो.

२५. फ्लॅक म्हणून आलेली फाइल स्पेक्ट्रोग्राममध्ये एकदा उघडून बघ — १६ किलोहर्ट्झच्या आसपास कात्रीने कापल्यासारखी सरळ कड दिसली तर मूळ एमपीथ्री असणार. जुन्या कॅसेटचे वरचे सूरही कमी असतात, पण ते उतरत उतरत विरतात, एका रेघेत तुटत नाहीत.

२६. टेपची गती तपासायला गिटारच्या सुरावर विसंबू नकोस — हेंड्रिक्स पुष्कळदा अर्धा सूर उतरवून लावायचा, त्यामुळे सूर खाली आहे म्हणजे टेप हळू आहे असं होत नाही.

२७. त्याऐवजी अ‍ॅम्पचा गुणगुणाट शोध — अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, इंग्लंडात ५०ची. न्यू यॉर्कच्या टेकमधला गुणगुणाट ५८वर दिसला तर टेप हळू चाललीय. बरोबर ५०वर दिसला तर तो मुळात लंडनचा तर नाही ना, किंवा मधली कॉपी युरोपात झाली का, ते बघ. ही युक्ती मला फार आवडते. भिंतीतली वीज साक्ष देते.

२८. गती दुरुस्त केलीस तर मूळ फाइल तशीच ठेवून दुरुस्तीची वेगळी कर, आणि किती टक्के हलवलंस ते नावात लिही — तुझ्यापेक्षा चांगला कान उद्या कुणाचा तरी असेल.

२९. हिस्स घालवायच्या नादी लागू नकोस — हिस्सबरोबर सिम्बलची शेपटी जाते, खोलीची हवा जाते, आणि उरतो तो डबक्यातला आवाज.

३०. कॅसेट लावण्याआधी आतला तो स्पंजाचा, फेल्टचा चिमुकला तुकडा बघ, टेपला हेडवर दाबून धरतो तो — जुन्या कॅसेटीत गोंद सुकून तो सुटलेला असतो. तसंच लावलंस तर आवाज मंद येतो आणि आपण बिचाऱ्या टेपला दोष देतो. दुसऱ्या कॅसेटमधला काढून बसवता येतो, चिमटा नि धीर पाहिजे.

३१. स्क्रूने उघडणाऱ्या रिकाम्या कॅसेटी दोन-चार घरात ठेव — चिकटवलेली खोकी फुटली तर टेप हलवायला लगेच घर लागतं.

३२. एखादी टेप चिकटतेय, किंचाळतेय असं वाटलं की तिथल्या तिथे थांब — काही टेपांचा, विशेषतः सत्तरच्या मध्यापासून पुढच्या स्टुडिओ टेपांचा, लेप दमट हवेत पाणी धरतो आणि हेडवर खरवडून निघतो. त्यावर मंद आचेचा इलाज आहे, पण तो जाणकाराने करायचा. आपल्या घरच्या ओव्हनमध्ये केक कर.

३३. रेकॉर्डी उभ्या ठेव, आडव्या थप्पीत नको, आणि माळ्यावर तर नकोच — वैशाखात माळा तापतो नि रेकॉर्ड वाकते; वाकलेली रेकॉर्ड नि रुसलेला पाहुणा पूर्वीसारखे बसत नाहीत.

३४. पावसाळ्याआधी कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढ, आत सिलिका जेलच्या पुड्या ठेव आणि त्या मधूनमधून बदल — आपल्याकडे जुलैत भिंतच घाम गाळते, आणि पांढरी बुरशी आधी कागदी पाकिटाला लागते, मग खाचेत उतरते.

३५. बुरशी दिसली तर ती रेकॉर्ड आधी वेगळी कर, मग साफ कर, आणि आतलं पाकीट सरळ टाकून नवं घाल — स्वच्छ रेकॉर्ड जुन्या पाकिटात घातली की आठवड्यात येरे माझ्या मागल्या.

३६. डिजिटल प्रती तीन ठेव, त्यातली एक दुसऱ्या घरात — माझ्याकडे ठेव, मी काही पैसे मागणार नाही. फाइलसोबत चेकसमही ठेव, म्हणजे पाच वर्षांनी एखादा बाइट हलला तर कळेल.

३७. फाइलला नाव देताना साल आधी, मग महिना, मग दिवस, मग जागा, मग गाणं — संगणक आपोआप ओळीने लावतो, आणि माणूस कसा विचार करत गेला ते यादीतच दिसायला लागतं.

या शेवटच्यासाठीच तर हा सगळा खटाटोप. 'एंजल' घे. १९६७चा डेमो 'स्वीट एंजल' या नावाने 'साउथ सॅटर्न डेल्टा'वर आहे. गाणं पुरं झालं १९७०च्या उन्हाळ्यात, आणि लोकांच्या कानी पडलं १९७१मध्ये, 'द क्राय ऑफ लव्ह'वर, तो गेल्यावर. मधली तीन वर्षं ते त्याच्याजवळ होतं. दोन्ही एकापाठोपाठ लाव. पहिल्यात तो चाल शोधतोय, दुसऱ्यात ती सापडलेली आहे. तयार रेकॉर्ड ऐकून आपण म्हणतो की देवाने बोटं दिली. डेमो ऐकला की कळतं, बसून केलंय त्याने. मला विचारशील तर दुर्मीळ आहे म्हणून नव्हे, एवढ्यासाठी जमवायचं.

३८. म्हणून नवा टेक आला की आधी वहीत न बघता ऐक, मग नोंद कर, मग पुढचा मागव — ऐकलेलं आपलं, नुसतं साठवलेलं कपाटाचं.

३९. संग्रहातली पोकळी उघडी राहू दे, कसंही करून भरायला जाऊ नकोस — घाईने भरलेली जागा खोट्या टेकने भरते, आणि मग खरा आला तरी ओळखू येत नाही.

४०. एखादा जुना डेमो कुणी 'फालतू' म्हणून टाकला असेल तर तो उचल — व्हॅन हेलन या बँडचं 'हाउस ऑफ पेन' १९७६मध्ये जीन सिमन्सने करवून घेतलेल्या डेमोत होतं, ते '१९८४' या अल्बमवर आलं. आणि त्या सुरुवातीच्या डेमोंतला माल बँडचा गिटारवाला एडी व्हॅन हेलनने थेट २०१२च्या अल्बमपर्यंत वापरला. वादक स्वतःचं टाकत नाहीत, मग आपण कशाला टाकायचं?

४१. पुढच्या रविवारी येशील तेव्हा 'मशीन गन' ऐकून ये. ३१ डिसेंबर १९६९ आणि १ जानेवारी १९७०, न्यू यॉर्कचं फिलमोर ईस्ट, दोन रात्रींत चार कार्यक्रम, आणि चारही वेळा हे गाणं. २०१९च्या 'साँग्ज फॉर ग्रूव्ही चिल्ड्रन' संचात सगळी सापडतील. १९७०च्या मूळ 'बँड ऑफ जिप्सीज' रेकॉर्डवर त्यातलं कोणतं घेतलं ते पाकिटावर न वाचता ओळख, आणि कशावरून ते लिहून आण — सोलोत तो एक सूर लांबवर धरून ठेवतो, तिथपासून सुरुवात कर. जेवायलाच ये, मामी थालीपीठं लावणार आहे.